"महिन्यातले आठ दिवस मी मी नसते"

"मॅडम, महिन्यातले आठ दिवस मी फार वाईट बाई असते."

खुर्चीत टेकता टेकताच ती म्हणाली. वय २९, नोकरी चांगली, लग्नाला चार वर्षं. आदल्या आठवड्यात भांडताना तिनं हातातला कप भिंतीवर फेकला होता, घर सोडून जाईन म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि डोक्यातलं सगळं निवळलं. मग ओटीपोटात कळा, कंबर धरलेली, पहिला दिवस अंथरुणात. "आधी डोकं जातं, मग पोट. वेड लागतंय का मला?"

(तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी "सगळ्यांनाच होतं गं" हे ऐकून ऐकून दमलेल्या असतात. मला या वाक्याचा मनापासून राग आहे. सगळ्यांना होतं म्हणून एकीचंही दुखणं कमी होत नाही. ती फक्त सांगायचं बंद करते.

पहिल्याच भेटीत मी तिला स्पष्ट विचारलं, "त्या दिवसांत मरून जावंसं वाटतं का?" बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग, "दोनदा वाटलं होतं." आत्ता तसं काही मनात नाही, हे नीट बोलून घेतलं. पुन्हा वाटलं तर त्याच क्षणी कुणाला फोन करायचा, घरातल्या गोळ्या कुणाकडे ठेवायच्या, हे तिथंच ठरवलं आणि मानसोपचारतज्ज्ञांची लवकरातली वेळ घेतली. असे विचार येत असतील तर नोंदी पूर्ण व्हायची वाट बघायची नसते, त्याच दिवशी मदत घ्यायची असते.

मग वहीचं काम दिलं. रोज रात्री चार गोष्टी लिहायच्या: चक्राचा कितवा दिवस (पाळी सुरू झाली तो पहिला), मन दहापैकी किती, दुखणं दहापैकी किती, गोळी कधी घेतली. सलग दोन पाळ्या. आठवून सांगितलेलं फसवं असतं, म्हणून निदानाला किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदी लागतात. त्यात मी एकच गोष्ट आधी शोधते: पाळी संपल्यावर मन खरोखर मोकळं होतं का? होत असेल तर त्रास पाळीआधीचा. महिनाभर उदास असून पाळीआधी ते वाढत असेल, तर मुळात नैराश्य असू शकतं आणि उपचारांची दिशा बदलते.

तिच्या वहीत बाराव्या दिवशी मन ८. एकविसाव्या दिवशी ४. पंचविसाव्याला २, आणि पुढे बारीक अक्षरात, "स्टेपलर सापडला नाही म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडले." पाळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ७.

तिचे हॉर्मोनचे रिपोर्ट नॉर्मल आले होते, म्हणून घरी "मनाचे खेळ" ठरले होते. पण या त्रासात हॉर्मोनची पातळी बहुतेकदा नॉर्मलच असते; तिच्यातल्या नेहमीच्या चढउतारांना मेंदू जास्त तीव्र प्रतिसाद देतो. हे इतकं टोकाला जातं तेव्हा त्याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर म्हणतात, आणि २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा आहे. वही पाहून मानसोपचारतज्ज्ञांनी तेच निदान केलं आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी गोळी दिली, तीही फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरती. नैराश्यात या गोळ्यांना काही आठवडे लागतात, इथे बऱ्याचदा काही दिवसांत फरक दिसतो.

दुखण्याचं उत्तरही वहीतच होतं. दुखण्यावरची गोळी दुपारी, रिकाम्या पोटी, कळा ९ वर गेल्यावर. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांनी गर्भाशय आवळतं. मळमळ, जुलाब होतात तेही त्यांच्यामुळेच. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधं ती रसायनं तयार होणंच रोखतात, म्हणून कळांची चाहूल लागताच, खाऊन घेतली तर उपयोग. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. सोबत गरम पाण्याची पिशवी; तिनं खरंच आराम पडतो.

एक नोंद मला खटकली: पाळीत शौचाला जातानाही दुखतं, आणि दोन वर्षांत दुखण्याचे दिवस वाढलेत. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) नाहीच असं म्हणता येत नाही. तो तपास चालू आहे.

पण आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते तेविसाव्या दिवसाच्या एका ओळीवर. "घरातलं सगळं मीच का करायचं?"

पुढच्या चक्राच्या नवव्या दिवशी ती आली तेव्हा मी विचारलं, "हे आज खरं वाटतं?"

"खरंच आहे, मॅडम. एरवी मी गिळून टाकते एवढंच."

तेव्हा ठरलं: त्या आठ दिवसांत कप फेकायचा नाही, घर सोडायचा निर्णय घ्यायचा नाही, पण तक्रार लिहून ठेवायची आणि नवव्या दिवशी बोलायची. नवराही एकदा आला. भांडण रंगात आलं की "पाळी जवळ आली वाटतं" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते बंद करा, एवढंच मी त्यांना सांगितलं.

चौथ्या महिन्यात कळा ९ वरून ५ वर आल्या होत्या. दोन दिवस अजून जडच जातात. पण नवव्या दिवशी दोघं कामांच्या वाटणीवर अर्धा तास बोलले, आणि त्यात तारीख कुणी काढली नाही.