शेजाऱ्यांच्या वैरावरचा, काळा-गोरा भेद दाखवणारा चांगला थ्रिलर कोणता?

तुम्हाला असा सिनेमा पाहिजे ज्यात शेजारी एकमेकांच्या जिवावर उठलेत, वर्णद्वेषही आहे पण कोणी भाषण देत नाही. मग 'लेकव्ह्यू टेरेस' बघा, 2008 चा, सॅम्युअल एल. जॅक्सनवाला. पूर्ण सिनेमा भारी आहे असं नाही म्हणणार, पण पहिला तासभर बाप्पा, जागचं हलू देत नाही.

क्रिस गोरा, बायको लिसा काळी, दोघं लॉस एंजेलिसमध्ये नवीन घर घेतात. बाजूला एबल टर्नर, हा काळा, पोलिसात आहे, बायको वारलेली, दोन पोरं एकटाच वाढवतोय आणि घरात कडक शिस्त. याला हे जोडपं पहिल्यापासूनच खुपतं, म्हणजे एकटा गोरा राहायला आला असता तर चाललं असतं कदाचित, त्याला त्रास या लग्नाचा आहे. आपल्याकडे नवीन भाडेकरूला आधी आडनाव विचारतात अन मग बायकोचं माहेरचं आडनाव विचारतात ना, तसलाच प्रकार.

एक सीन सांगतो. क्रिस रात्री गाडीत बसून रॅप ऐकतोय, एबल येऊन काचेवर टकटक करतो आणि हसत हसत ऐकवतो की हे रात्रभर ऐकलंस तरी सकाळी उठशील तेव्हा गोराच असशील. जॅक्सन आवाजही चढवत नाही, आणि ही चेष्टा आहे की धमकी हे त्या क्रिसलाही कळत नाही.

मग एबलच्या घराचे फ्लडलाइट रात्रभर यांच्या बेडरूमवर. नागपुरात कोणत्याही लेआउटमध्ये राहिले असाल तर हे वेगळं सांगायला नको, कूलरचं पाणी आमच्याकडे काऊन सोडता, गाडी गेटसमोर काऊन लावली, एकेक गोष्ट घेतली तर इतकी बारीक की कम्प्लेंट द्यायला गेलं तर लोक हसतील, आणि इथं तर पोलीसच शेजारी, मग जायचं कोणाकडे? क्रिस कंपाउंडला झाडं लावतो तर हा चेनसॉ घेऊन कापायला येतो.

नावाचंही एक आहे. लॉस एंजेलिसमधल्या लेक व्ह्यू टेरेस भागातच मार्च 1991 मध्ये रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला पोलिसांनी बेदम मारहाण केली होती, बाजूच्या एका माणसानं त्याचा व्हिडिओ काढला, आणि 1992 मध्ये कोर्टानं पोलिसांना दोषी धरलं नाही म्हणून शहरात दंगल पेटली. डायरेक्टर नील लाब्यूटनं त्याच नावाच्या सिनेमात वर्दी काळ्या माणसाच्या अंगावर चढवली, म्हणून कोणाची बाजू घ्यावी हे बघणाऱ्याला सोपं जात नाही.

पुढं मात्र घसरतो. एबलच्या रागाला एक घरगुती कारण चिकटवून दिलंय, ते नसतं तर माणूस जास्त भयानक वाटला असता, आणि शेवटी तीच बंदूक, तीच धावपळ. डोंगरावरचा वणवा हळूहळू वस्तीकडे सरकतोय हेही जरा जास्तच वेळा दाखवलंय.

आणि हो, आईबाबांसोबत लावू नका, स्विमिंग पूलचा सीन सुरुवातीलाच येतो.