पेटी फोडू की ठेवू?

प्रिय ताई,

तुझ्या मामांच्या दोन पेट्यांचे फोटो मिळाले, शेव्हरोले बेल एअर आणि हेराल्ड, दोन्ही सुटे भाग जोडून बांधायच्या प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या. पेट्या चारही बाजूंनी टिपल्यास, तळाचाही फोटो काढलास, हे फार बरं केलंस. बहुतेक जण नुसतं वरचं चित्र पाठवतात आणि विचारतात, ‘काका, हिचे किती येतील?’ तू विचारलंस, फोडू की ठेवू. फोड. दोन्ही फोड. शेव्हरोलेच्या पेटीवरचं सेलोफेन शाबूत आहे, ते पाहून तुझा हात अडला असणार. तरीही फोड.

पेटी बंद आहे म्हणजे आतला माल जसाच्या तसा आहे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. गाडीची बॉडी, काचा, चाकाच्या डिश हे सगळं पॉलिस्टायरीन, कडक प्लॅस्टिक. टायर मात्र मऊ विनाइलचे. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात, प्लॅस्टिसायझर. वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि टायर ज्या पॉलिस्टायरीनला टेकलेला असेल ते खातं. काचेवर टायर पडून राहिला असेल तर तिथे नक्षीसकट चर उमटतो, आणि काचेवरचा चर भरून निघत नाही. उष्णतेनं हे सगळं लवकर होतं. तुझ्या मामांनी या पेट्या पत्र्याच्या घरात, माळ्यावर ठेवल्या होत्या. भुसावळचा मे महिना तुला मी काय सांगणार! तेव्हा पेटी उघडलीस की आधी टायर काढून वेगळ्या पिशवीत घाल आणि काचा पातळ कागदात गुंडाळून वेगळ्या ठेव. मग बाकीचं निवांत पाहा. भाग मोजताना सोबतचा माहितीचा कागद समोर घे आणि एकेकावर पेन्सिलीनं खूण कर.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं, पिवळी पडली असतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडचं ऊन इथे कामाला येतं. डेकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटव, चित्राची बाजू बाहेर. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्याआधी नको असलेलं एखादं बारीक डेकल कापून पाण्यात टाकून बघ. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या सगळ्यांवर आधी क्लिअर वार्निशचा हलका हात मार आणि मग एकेक कापून घे.

आता ठेवायच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर म्हणशील काका एकांगी आहेत. काही पेट्या खरंच ठेवाव्यात. १९५८ साली एएमटी या अमेरिकन मॉडेल कंपनीनं त्या-त्या वर्षाच्या नव्या मॉडेलचे किट काढायला सुरुवात केली. एका पेटीत तीन प्रकारे बांधता येईल असा ऐवज: कंपनीतून निघाली तशी, हौशी बदल केलेली, नाहीतर शर्यतीची. पुढच्या वर्षी खऱ्या गाडीचं तोंड बदललं की कंपनी नवा साचा करत नसे, जुन्याच पोलादी साच्यात फेरफार करी. म्हणजे आदल्या वर्षीची गाडी साच्यातून कायमची गेली. असे किट त्या साच्यातून पुन्हा निघत नाहीत, आणि सीलबंद असतील तर संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. तुझी १९५७ची बेल एअर त्यातली नाही. तिचा साचा टिकला, ती पुन्हा पुन्हा बाजारात आली. आज एएमटी आणि तिच्यासारख्याच एमपीसी या कंपनीचे जुने साचे राउंड २ या अमेरिकन कंपनीकडे आहेत आणि ती ते किट नव्या पेटीत विकते. तू ही बांधलीस म्हणून जगातून काही कमी होणार नाही. पुढे कुणी चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, उमटलेलं साल दाखवून ‘हे बघा, अस्सल जुनं’ म्हणालं तर भुलू नकोस. ते साल बहुधा साच्याचं असतं. तो तुकडा कधी ओतला हे त्यावरून कळत नाही. सेलोफेनही पुन्हा चढवता येतं.

नुसतं घेऊन रचून ठेवणारे लोक मला फारसे कळत नाहीत. त्यांचा छंद कपाटाचा.

बांधायला हेराल्ड आधी घे. एअरफिक्स या इंग्लिश कंपनीची आहे, १/३२, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला तीन अष्टमांश इंच. पूर्ण झाल्यावर जेमतेम बारा सेंटिमीटरची होईल. बेल एअर १/२५ असल्यानं वीसच्या घरात जाईल. हेराल्ड आधी घे म्हणतो, कारण ती आपली गाडी आहे. इंग्लंडमध्ये ट्रायम्फनं ती १९५९ साली आणली, आकार इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरचा, आणि १९६१पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं तीच स्टँडर्ड हेराल्ड म्हणून इथे काढली. पुढे आपल्याकडे चार दारांचीही निघाली, पण तुझ्या किटमधली दोन दारांची सुरुवातीच्या गाडीला चालते. एकच सांगतो, नंबरप्लेटवर हौसेनं एमएच १९ लिहू नकोस. ती पद्धत १९८९ नंतरची. जुन्या लग्नांच्या अल्बममध्ये गाडीपुढे उभे राहिलेले पाहुणे शोध, पाट्या सापडतील.

हत्यारांसाठी मुंबईहून काही मागवू नकोस. जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाचं सामान मिळतं, तिथे बारीक कानस, नाजूक टोकाचे चिमटे आणि हातानं फिरवायचं छोटं ड्रिल बघ. मॉडेलवाल्यांच्या दुकानातल्यापेक्षा ते टिकाऊ असतात, हा माझा हट्टी समज आहे. पॉलिश पेपर गॅरेजला सामान देणाऱ्या दुकानात, ८०० पासून २००० पर्यंतचे. भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यातून पिळून तोडायचे नाहीत. कटरनं थोडं लांबून कापायचे आणि उरलेला खुंट कानसनं उतरवायचा. उरलेली फ्रेम टाकू नकोस. तिचे तुकडे पातळ प्लॅस्टिक सिमेंटच्या, म्हणजे मॉडेल जोडायच्या द्रवाच्या, बाटलीत विरघळव, दाट रस होतो. फटी भरायला त्याच्यासारखी लांबी, म्हणजे पुट्टी, नाही, कारण सुकल्यावर ते त्याच जातीचं प्लॅस्टिक असतं आणि बॉडीबरोबर सारखं घासलं जातं. फक्त सुकायला दिवस लागतात.

हे पातळ सिमेंट चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. म्हणून जोड आधी कोरडा बसवून बघ, मग ब्रशचं टोक फटीला लाव, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. काचेला मात्र ते नाही आणि फेविक्विकही नाही. फेविक्विकच्या वाफेनं काचेवर पांढरी धुरकट साय धरते. काचेला साधं फेविकॉल. वाळलं की दिसत नाही, आणि चुकलं तर ओल्या कापसानं निघतं.

खरं काम रंगाचं आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. खऱ्या गाडीवरचे सगळे थर मिळून रंग सुमारे ०.१ मिलिमीटर भरतो. तेवढाच थर तू हेराल्डवर दिलास तर मापाच्या हिशोबानं तो सव्वातीन मिलिमीटर झाला! दाराच्या रेघा बुजतात, अक्षरं बुजतात, आणि गाडी खेळण्यासारखी दिसते ती त्यामुळेच. पहिला थर दिल्यावर खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे, दुसऱ्यालाही थोडं दिसलं तर चालेल. रंग देण्याआधी दाराच्या रेघांतून सुईचं टोक हलकेच फिरवून त्या खोल कर. तुझ्या ओळखीच्या गॅरेजमधला ड्युको, म्हणजे खऱ्या गाड्यांचा लॅकर रंग, थेट लावायचा मोह होईल. त्याचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला चराचरा भेगा पाडतो. आधी प्रायमर, तोही धुक्यासारखा, दोन-तीन वेळा. आणि आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर करून बघ. आइस्क्रीमचे चमचे पुष्कळदा पॉलिस्टायरीनचेच असतात, त्रिकोणात ६ आकडा असला तर नक्की. खिडक्या उघड्या ठेव आणि रंगाचा मास्क लाव. तोंडाला ओढणी बांधून भागत नाही.

ऋतू बघून काम कर. एप्रिल-मेमध्ये फवारा गाडीवर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि बॉडीवर रवाळ धूळ बसते. पावसाळ्यात लॅकरवर दमटपणानं पांढरी झाक येते. आपल्या खान्देशात दिवाळी ते होळी हा रंगाचा काळ, तोही ऊन वर आल्यावर. एनॅमल वापरलंस तर आठवडाभर हात लावू नकोस. मी ज्या मिस्तरीकडे बसून हे शिकलो तो कुणी पॉलिशची घाई केली की म्हणायचा, ‘इतली घाई कसाले?’ आणि खरोखर चहा प्यायला निघून जायचा.

रावेरला आजोबांच्या केळीच्या मळ्यात होती ती महिंद्रा जीप करायची आहे असं तू शेवटी लिहिलंस. ती मला सगळ्यांत आवडली, पण ती पुढे. तामिया या जपानी कंपनीची १/३५ विलिस एमबी मिळते, मात्र ती युद्धातली जीप, तिचं बोनेट बुटकं. महिंद्रानं वर्षानुवर्षं काढली ती सीजे-३बी. तिच्यात हरिकेन इंजिन उंच, म्हणून बोनेट आणि जाळीही उंच. लोक एमबी बांधून अंगावर महिंद्रा लिहितात, आणि ज्यानं ती जीप चालवली आहे तो एका नजरेत ओळखतो. बोनेट कापून प्लॅस्टिक शीटनं उंच करावं लागेल. घरात तिचे फोटो असतील ते आत्ताच गोळा कर, बाजूनं काढलेले विशेष. आणि आजोबांना विचार, हूड कापडाचं होतं का, मागे बाक कसे होते, डिझेलची होती की पेट्रोलची. फोटोत नसतं ते त्यांना ठाऊक असेल.

फोटो काढण्याविषयी मी काही सांगण्यापेक्षा चाळीसगावला जाऊन ये. छायाचित्रकार केकी मूस तिथे आयुष्याची बहुतेक वर्षं राहिले, १९८९ साली गेले. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून ते असा फोटो काढत की बघणाऱ्याला ते खरं निसर्गदृश्य वाटावं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. प्रकाश कुठून आलाय आणि कॅमेरा किती खाली ठेवलाय, एवढंच बघत उभी राहा. आपण मॉडेलचे फोटो उभ्यानं, वरून काढतो, म्हणून ते मॉडेलच दिसतं. लेन्स हेराल्डच्या दिव्यांच्या उंचीवर आण.

नोव्हेंबरात एखाद्या रविवारी जळगावला ये, बॉडी प्रायमरपर्यंत आणून ठेवलेली असू दे. काकू भरीत करणार आहेत, तेव्हा जेवूनच जा. रंग माझ्याकडे आहेत; थिनरची बाटली घेऊन एसटीत चढू नकोस.

तुझा,
काका