भिंतीत कोणती केबल घालावी?

प्रश्न : आमच्या दोन मजली घराचं बांधकाम चालू आहे. प्लास्टरआधी इंटरनेटची केबल टाकायची आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो कॅट ५ई पुरे, दुकानदार म्हणतो कॅट ७ घ्या. काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दादा, कॅट ६ घ्या. कॅट म्हणजे केबलची श्रेणी, आकडा मोठा तशी वेगाची क्षमता जास्त. इलेक्ट्रिशियन तसा चुकीचा नाही. ५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. पण एकदा प्लास्टर झालं की भिंत कोण फोडणार? चांगल्या कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही जमतं, आणि घरात एवढं अंतर कुठं होतंय! कॅट ७ चे पैसे फरशीला लावा.

खरी फसवणूक आकड्यात नाही, तारेत असते. बॉक्सवर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ दिसलं, की समजा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. लातूरला गंजगोलाईत माल घेताना माझ्या खिशात ब्लेड असतंच. तार खरवडायची, आतून चंदेरी निघाली की दुकानातून उठायचं. असली तार सॉकेटला जोडताना तुटते, आणि कॅमेऱ्याला तिच्यातूनच वीज द्यायची असेल तर जास्त तापते.

केबलचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा, निदान वीतभर लांब. पुढं नवी केबल ओढायला आत एक दोरी सोडून ठेवा. राउटरपासून प्रत्येक खोलीत सलग केबल, मध्ये जोड नको.

गच्चीवर मात्र घरातली केबल नेऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तिचं आवरण तडकतं. बाहेरची काळ्या आवरणाची वेगळी मिळते. पलीकडच्या भावाच्या घरी जोडणी द्यायची असेल, तर थेट फायबर, म्हणजे वीज न वाहणारी काचेची केबल टाका. तांब्याच्या तारेवरनं विजेचा झटका आला की दोन्ही घरचे राउटर जातात.