धातू ऑक्साइडच्या लहान क्लस्टरचं चुंबकत्व काढायला कोणतं फंक्शनल वापरावं?

फंक्शनलचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायच्या अंदाजी सूत्राचं, नंतर सांगतो. "रचना नक्की झाली, आता फक्त चुंबकत्व काढायचंय" असं तुम्ही लिहिलंय, मी तिथेच अडलो. याच वाक्यापायी पीएचडीतले माझे आठ महिने गेले.

क्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचा पुंजका, मँगनीज ऑक्साइडचा: चार मँगनीज, चार ऑक्सिजन. सरांचा आग्रह असा की चारही मँगनीजचे स्पिन (इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय दिशा) वर ठेव, म्हणजे एकूण २० बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकत्वाचं एकक), त्यातच घनाकृती की वलय ते ठरव आणि शेवटी त्याच भूमितीवर स्पिन उलटून बघ. मी म्हणत होतो, स्पिन उलटला की बंधांच्या लांब्या हलतात, मग रचना ठरली कशी? "स्पिन ही नंतरची सजावट," हे ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घेतलं.

पेपर गेला आणि परीक्षकाने नेमकं तेच विचारलं. सगळं परत केलं. आदर्श घनाकृतीत दोन वर, दोन खाली ही मांडणी एकाच प्रकारची, कारण प्रत्येक मँगनीजला उरलेले तिघे सारखेच जवळ. वलयात तिचे दोन प्रकार: आलटूनपालटून किंवा जोडीजोडीने. प्रत्येक मांडणीत भूमिती मोकळी सोडली तेव्हा ऊर्जांमधलं अंतर इतकं सरकलं की कोणती मांडणी जास्त स्थिर याचा जुना क्रम छापायला माझं मन धजेना. सरकणारच ते. ऑक्सिजनमार्गे होणारं सुपरएक्सचेंज, म्हणजे दोन मँगनीजच्या स्पिनांचा एकमेकांवरचा प्रभाव, मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज कोनावर चालतं: १८० अंशांकडे अँटीफेरो, म्हणजे शेजारचे स्पिन उलटे ठेवायची, ओढ जबर, ९० जवळ मंद. स्फटिकरूप मँगनीज ऑक्साइड साधारण ११८ केल्विनखाली अँटीफेरो असतो म्हणून क्लस्टरही तसाच, हा युक्तिवादही नको. इथे सगळेच अणू पृष्ठभागावर आहेत.

आता फंक्शनल. एकावर भिस्त नको, पीबीई हे साधं फंक्शनल आणि एखादं हायब्रिड (ज्यात हार्ट्री-फॉक या जुन्या पद्धतीतल्या एक्सचेंज ऊर्जेचा काही वाटा मिसळलेला असतो) दोन्ही चालवा. बी३एलवायपीत २० टक्के, पीबीई० मध्ये २५ टक्के हार्ट्री-फॉक एक्सचेंज असतं आणि हा वाटा वाढला की पारडं उच्च स्पिनकडे झुकतं. दोन्हींत क्रम टिकला तरच लिहा. एस-स्क्वेअर, म्हणजे एकूण स्पिनचं गणितातून येणारं मोजमाप, वाचायला विसरू नका: दोन वर, दोन खाली या मांडणीत तो १० च्या आसपास हवा. शून्याजवळ आला तर गणित भलत्याच अवस्थेत घसरलंय.

हे आकडे मँगनीज +२ असेल तरच, म्हणजे डी कक्षकांत पाच एकटे इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं आणि मँगनीज +४ झालं की तीनच उरतात.

तुमचे मार्गदर्शकही आधी रचना, मग स्पिन म्हणत असतील, तर एकाच क्लस्टरच्या दोन स्पिन मांडण्यांमधल्या बंधांच्या लांब्या शेजारी शेजारी लिहून कागद त्यांच्यासमोर ठेवा. मी त्या मीटिंगला रिकाम्या हाताने गेलो होतो.