ओसुमी पंधरा तासांत गप्प झाला, मग यशस्वी कसा?

प्रश्न दोन आहेत. जपानचा पहिला उपग्रह ‘ओसुमी’ पंधरा तासांच्या आत मुका झाला आणि विज्ञानाचं म्हणावं असं काहीच त्याने केलं नाही, तरी त्याला यश का म्हणायचं? आणि त्यानंतरचे ‘तान्सेई’ नावाचे चारही उपग्रह फेब्रुवारीतच का उडाले?

आधी पहिला. ओसुमीकडे ‘उपग्रह’ म्हणून बघितलं की घोटाळा होतो. त्याचा फोटो बघा: गोल भोपळ्यावर नरसाळं उलटं ठेवल्यासारखा दिसतो. भोपळा म्हणजे रॉकेटच्या चौथ्या टप्प्याची जळून रिकामी झालेली मोटार. ती वेगळी केलीच नव्हती. एकूण वजन २४ किलो, त्यातला उपकरणांचा भाग जेमतेम ९ किलो. आत काय, तर वेग कसा वाढतोय ते मोजणारं यंत्र, तापमापक, ट्रान्समीटर आणि बॅटरी. सौर पट्ट्या नाहीत. रॉकेटने काम नीट केलं का, एवढंच सांगायला तो वर गेला होता. थोडक्यात, रॉकेटच्या शेंड्याला लावलेला मीटर.

आता तो मुका का झाला? मोटार विझली तरी ती तापलेलीच असते. आपण तवा गॅसवरून उतरवला की हवा त्याला गार करते. वर हवा नाही. मग उष्णता जाणार कुठे? थोडी प्रकाशासारखी बाहेर फेकली जाते, बाकीची धातूतून शेजारी सरकते, आणि शेजारी होती उपकरणं. अंदाजापेक्षा जास्त उष्णता आत शिरली, वीजपुरवठा ढासळला आणि आवाज क्षीण होत होत १४-१५ तासांत बंद झाला. पण ११ फेब्रुवारी १९७० ला दुपारी १:२५ ला उडालेला ओसुमी साधारण अडीच तासांनी पृथ्वीला फेरी मारून परत आला आणि त्याचा सिग्नल जिथून तो उडाला त्या उचिनोउरा तळाला मिळाला. काम तिथेच फत्ते झालं होतं. स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा जपान चौथा देश ठरला, सोव्हिएत संघ, अमेरिका आणि फ्रान्सनंतर. चीनने अडीच महिन्यांत, २४ एप्रिलला, १७३ किलोचा उपग्रह सोडला. वजनाची तुलना केली तर ओसुमी खेळणं वाटेल, पण मुळात त्या दोघांची तुलना करूच नये.

कारण रॉकेट. ओसुमीला नेणारं लॅम्ब्डा-४एस हे साडेसोळा मीटर लांब, साडेनऊ टनांच्या आत-बाहेरचं, सगळे टप्पे घन इंधनाचे, आणि त्याला मार्गदर्शन यंत्रणाच नव्हती! युद्धानंतरच्या जपानमध्ये दिशा सुधारत जाणारं रॉकेट म्हणजे क्षेपणास्त्र, असा आक्षेप संसदेपर्यंत गेला होता. मग तोक्यो विद्यापीठाच्या मंडळींनी वेगळी वाट काढली. रॉकेट तिरकं सोडायचं, शेपटीचे पंख आणि स्वतःभोवतीची गिरकी यांवर ते सरळ राहील, गुरुत्वाकर्षण त्याची वाट आपोआप वाकवत नेईल. शेवटी, वर पोचल्यावर, गिरकी थांबवायची, चौथा टप्पा क्षितिजाला समांतर करायचा, पुन्हा गिरकी द्यायची आणि पेटवायचा. यातली एक पायरी चुकली की सगळं समुद्रात.

आणि ते चार वेळा गेलंच. सप्टेंबर १९६६ मध्ये पहिल्यांदा. डिसेंबर १९६६ ला चौथा टप्पा पेटला नाही. एप्रिल १९६७ ला तिसरा पेटला नाही. सप्टेंबर १९६९ ची गोष्ट मला सगळ्यात आवडते: तिसरा टप्पा सुटा झाला, पण त्याच्यात थोडी धुगधुगी शिल्लक होती. कढई उतरवल्यावरही तेल चुरचुरत राहतं ना, तसं. त्या उरल्यासुरल्या रेट्याने तो पुढे सरकला आणि चौथ्या टप्प्याला मागून धडकला. वर्तमानपत्रांनी धारेवर धरलं होतं. १९५५ मध्ये २३ सेंटिमीटरच्या ‘पेन्सिल’ रॉकेटपासून हे सगळं सुरू करणारे हिदेओ इतोकावा १९६७ मध्येच विद्यापीठ सोडून गेले होते. ओसुमी कक्षेत गेला तेव्हा ते त्या चमूत नव्हते.

आता तान्सेई. (तानसेनाशी काही संबंध नाही, हा प्रश्न मला दोनदा विचारून झालाय.) तान्सेई म्हणजे फिका निळा, तोक्यो विद्यापीठाचा रंग. ओसुमीनंतर म्यू नावाचं मोठं रॉकेट आलं, सुमारे ४३ टनांचं. सप्टेंबर १९७० चं पहिलं उड्डाण फसलं, १६ फेब्रुवारी १९७१ च्या दुसऱ्या उड्डाणात ६३ किलोचा तान्सेई वर गेला. बॅटरीवरच चालणारा, आठवडाभर बोलला. पण रॉकेटचा भरवसा आला आणि त्याच सप्टेंबरात खरा वैज्ञानिक उपग्रह ‘शिन्सेई’ गेला. पुढे हाच रिवाज झाला: म्यूची नवी आवृत्ती आली की पहिल्या उड्डाणात तान्सेई. १९७४, १९७७, १९८०. महागडी दुर्बीण नव्या रॉकेटवर कोण ठेवणार? आपल्याकडे भारतात एसएलव्ही-३ रॉकेटचं पहिलं उड्डाण ऑगस्ट १९७९ मध्ये फसलं आणि जुलै १९८० ला ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्याचंही मुख्य काम रॉकेटची वागणूक सांगणं हेच होतं.

‘किकू’ या जपानच्याच दुसऱ्या उपग्रहाला मात्र यात मिसळू नका. किकू म्हणजे शेवंती. तो १९७५ चा, दुसऱ्या संस्थेचा, तानेगाशिमा बेटावरून अमेरिकी तंत्रज्ञानावर बांधलेल्या एन-१ रॉकेटने गेलेला. दोन्ही संस्था एकत्र आल्या त्या थेट २००३ मध्ये.

फेब्रुवारीचं उत्तर आकाशात नाही, समुद्रात आहे. उचिनोउरासमोरचं पाणी मासेमारीचं. रॉकेटचे टप्पे पडणार म्हणून होड्यांना बाहेर ठेवावं लागे, धंदा बुडे. १९६७ मध्ये मच्छीमार संघटनांशी वाद इतका पेटला की दीड वर्षाच्या आसपास उड्डाणंच थांबली. तिसऱ्या आणि चौथ्या लॅम्ब्डामधलं लांबलचक अंतर त्याचंच. तडजोड झाली ती अशी: ऑगस्ट-सप्टेंबरात थोडे दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीत थोडे दिवस, बाकी वर्षभर समुद्र त्यांचा. ओसुमी ११ फेब्रुवारी, तान्सेई १६, १६, १९ आणि १७ फेब्रुवारी. शिन्सेई २८ सप्टेंबर.