प्रोस्टेटची लेझर शस्त्रक्रिया : वाचकांच्या शंका

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. मागच्या आठवड्यात प्रोस्टेट वाढल्याने लघवी तुंबली म्हणून नळी घातली. एका ठिकाणी सांगितले, ‘लेझरमध्ये रक्त येतच नाही, गोळ्या चालू ठेवून लगेच उरकून टाकू.’ करावे का?

उत्तर : घाई करू नका. ‘रक्त येतच नाही’ ही जाहिरातीची भाषा झाली. रक्त कमी येते, हे खरे. कारण लेझर कापता कापताच बारीक रक्तवाहिन्या भाजून बंद करतो. होल्मियम लेझरची ऊर्जा पाण्यात शोषली जाते आणि अर्ध्या मिलिमीटरपलीकडे फारशी जात नाही. हिरवा लेझर रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येत नाहीत अशा रुग्णांसाठी तो बराच वापरला गेला. तरीही दोन-दोन गोळ्या चालू असताना रक्ताच्या गाठी होऊन नळी बंद पडणे आणि रुग्णाला परत थिएटरमध्ये न्यावे लागणे, हे लेझरनंतरही घडते.

मग गोळी बंद करून ऑपरेशन करावे का? तर चौथ्या महिन्यात तेही नको. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटनंतर दुसरी गोळी (इथे क्लोपिडोग्रेल) साधारण ६ महिने, आणि स्टेंट हार्ट अटॅकमुळे बसला असेल तर १२ महिने घ्यायची असते. मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. तुंबलेल्या लघवीला नळीचा पर्याय तरी आहे. त्यामुळे आधी टॅमसुलोसिनसारखी, मूत्राशयाचे तोंड सैल करणारी गोळी सुरू करून काही दिवसांनी नळी काढून बघतात; अनेकांना लघवी होऊ लागते. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री झोपताना घ्यावी. नाहीच झाली, तर नळी ठरावीक दिवसांनी बदलत मुदत काढता येते. पुढे ऑपरेशनच्या ५ दिवस आधी क्लोपिडोग्रेल थांबवून अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात, पण हे हृदयरोगतज्ज्ञाने लेखी दिल्यावरच. मूत्रपिंडावर ताण आला किंवा रक्त थांबेना, तर मात्र दोन्ही डॉक्टरांनी बसून निर्णय आधी घ्यावा लागतो.

जाता जाता : बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे असेल, तर टॅमसुलोसिन चालू असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. या औषधाने बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि आधी कळले तर ते तयारीने बसतात.

प्रश्न : प्रोस्टेट ४५ ग्रॅम आहे. एक डॉक्टर दुर्बिणीची टीयूआरपी (विजेच्या तारेने प्रोस्टेट आतून खरवडणे) सुचवतात, दुसरे लेझर. जुनी पद्धत धोक्याची आहे का?

उत्तर : दोन्ही दुर्बिणीनेच होतात, दोन्हीत पोटावर टाका नसतो, आणि भूल बहुधा दोन्हीत कमरेतूनच देतात. टीयूआरपीची जुनी भीती वेगळ्या कारणाची आहे. पूर्वीच्या विद्युत यंत्राला मीठ नसलेले पाणी, म्हणजे ग्लायसीनचे द्रावण, लागायचे. ऑपरेशन लांबले की ते उघड्या शिरांतून रक्तात शिरून सोडियम घसरायचे. रुग्ण बरळायचा, उलट्या व्हायच्या, नजर धूसर व्हायची. लेझरला सलाइन चालते, त्यामुळे हा प्रकार टळतो. पण आजच्या बायपोलर टीयूआरपीलाही सलाइनच चालते. (सलाइनही फार शोषले गेले तर कमकुवत हृदयावर भार येतो, हे वेगळे.)

३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीला टीयूआरपी ही आजही मान्य पद्धत आहे. लेझरचा खरा फायदा ८० ग्रॅमच्या पुढे दिसतो. तिथे पूर्वी पोट उघडावे लागे. होलेप या होल्मियम लेझरच्या पद्धतीत संत्र्याच्या सालीतून फोडी सोडवाव्यात तसा वाढलेला भाग सुटा करून मूत्राशयात ढकलतात आणि मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने त्याचे तुकडे करून ओढून काढतात. चुका इथेच होतात. मूत्राशय पुरेसे फुगलेले नसेल किंवा रक्ताने दिसेनासे झाले असेल, तर मॉर्सेलेटरच्या पात्यात मूत्राशयाची भिंत सापडते. या कामात हात बसायला साधारण पन्नासेक शस्त्रक्रिया लागतात. म्हणून यंत्राची कंपनी विचारण्याऐवजी डॉक्टरांना विचारा : माझ्या आकाराची किती प्रोस्टेट तुम्ही अशी काढलीत, आणि रात्री रक्तस्राव झाला तर कोण येणार? ४५ ग्रॅमला ज्या डॉक्टरांचा ज्या पद्धतीत हात बसला आहे, ती चांगली.

प्रश्न : पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरच्या शंकेसाठी करायची रक्ततपासणी) ६.२ आला आहे. लेझरच्या किरणांनी कॅन्सर होत नाही ना?

उत्तर : नाही. हा प्रकाश आहे, क्ष-किरण नव्हे. प्रश्न उलट विचारायला हवा : कॅन्सर आधीपासून तर नाही ना? संसर्गात किंवा लघवी तुंबल्यावर पीएसए वाढतो, म्हणून संसर्ग बरा झाल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा तपासा. प्रोस्टेट आक्रसवणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिन्यांहून जास्त घेत असाल, तर आलेला आकडा दुप्पट धरायचा. शंका उरली तर आधी एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी. वाफ करून प्रोस्टेट उडवणाऱ्या लेझरमध्ये तपासायला तुकडाच उरत नाही, हे लक्षात असू द्या. होलेपमध्ये उरतो, त्याचा रिपोर्ट मागून घ्या. आणि ‘प्रोस्टेट काढले’ म्हणून पीएसए सोडू नका, साल, म्हणजे प्रोस्टेटचा बाहेरचा भाग, आतच असते.

प्रश्न : वय ५८. ऑपरेशननंतर वैवाहिक आयुष्य संपते, असे मित्र म्हणतात. लघवीवर ताबा राहत नाही, हेही ऐकले.

उत्तर : ताठरता सहसा पूर्वीसारखीच राहते. वीर्य मात्र बहुतेकांचे बाहेर न येता मूत्राशयात जाते व लघवीबरोबर निघून जाते. त्याने अपाय होत नाही, पण मूल हवे असेल तर ऑपरेशनआधी सांगा. खोकताना, उठताना लघवी गळणे काहींना सुरुवातीचे आठवडे होते आणि बहुतेकांचे ३ महिन्यांत थांबते. गुदद्वार आवळून ५ सेकंद धरायचा व्यायाम, १० वेळा, दिवसातून तीनदा. तो ऑपरेशनआधीच शिकून घ्या. नळी आत असताना करू नका.

प्रश्न : लेझर होऊन १२ दिवस झाले. लघवी स्वच्छ होती, काल स्कूटरवर बाजारात गेलो आणि आज लाल झाली.

उत्तर : १० ते १४ दिवसांच्या सुमारास आतली खपली सुटते, त्यात स्कूटरचे हादरे. आडवे व्हा, पाणी वाढवा (हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून), कुंथू नका. बद्धकोष्ठ असेल तर रात्री इसबगोल घ्या. ४ आठवडे दुचाकी आणि जड ओझे बंद. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू केली असेल तर डॉक्टरांना आजच कळवा. फिकट गुलाबी लघवीला घाबरू नका. पण गाठी पडू लागल्या, लघवी अडली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.