बायबलातल्या संदेष्ट्यांवर चर्चमध्ये पहिल्यांदा बोलणार असशील तर
भावा, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ५:८ घे. घराला घर नि शेताला शेत जोडत सुटलेल्यांना हायहाय म्हटलंय तिथे, आणि आपल्याकडे अलिबागपासून खाली जमिनी कशा जातायत ते तू रोज बघतोसच. पण आधी तेव्हाचं सांग, यशयाच्या यहूदा राज्यात वतनाची जमीन गेली की अख्खं कुटुंब उघड्यावर यायचं, मग आजवर ये. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातला खोटा तराजू पण तसाच, मासळीबाजारात आण, पण पहिला आपलाच काटा तपासून. एक मात्र नको करू, २०२० चं निसर्ग वादळ म्हणजे श्रीवर्धनला देवाची शिक्षा, असलं काही बोलू नको रे, सुपारीची बाग आडवी झालेली माणसं समोरच बसलेली असतात, मी बोललेलो एकदा, अजून टोचतं.